निळी राजदूत

मखमलाबादच्या शिवारात, पाटाला लागून बहिरूआप्पांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडे गुलाब आणि उरलेल्या वावरात मेथी-कोथिंबीर. या मळ्याची थोरली लेक सुवर्णा लग्न होऊन गंगापूर रोडला गेली त्याला वीसएक वर्षं झाली, पण तिचा जीव काही मळ्यातून उठला नाही. नवरा कुंदन मेडिकलच्या दुकानात कामाला, लेक तेजस्विनी कॉलेजात. सुवर्णा स्वतः हळदीसाठी लागणारे फुलांचे दागिने घरी बनवून द्यायची. लग्नसराईत तिच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे मोगऱ्याच्या कळ्या आणि दोऱ्याची रिळं. तरी रविवार आला की ती स्कूटीला डबा अडकवायची आणि माहेरची वाट धरायची.

आई गेल्यापासून तर हे जास्तच झालं होतं. आप्पांचं आपल्याशिवाय कोणी बघणार नाही, अशी तिची पक्की समजूत होती. घरात धाकटा भाऊ समाधान होता, त्याची बायको हर्षाली होती, पण ती दोघं आपापल्या कामात. हर्षाली सिन्नरची. डिप्लोमा करून सातपूरच्या एका कंपनीत नोकरी करायची. सून चांगली होती, नाव ठेवायला जागा नव्हती, आणि सुवर्णाला नेमकं तेच कधीकधी जड जायचं.

त्या पावसाळ्यात आप्पांना अर्धांगाचा झटका आला. हलका होता, दवाखान्यातून लवकर घरी आले, पण डाव्या हातातली ताकद गेली ती गेलीच. बोलणं संथ झालं. त्याहून वाईट म्हणजे माणूस गप्प झाला. ओट्यावरच्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. ताट पुढं ठेवलं की दोन घास खायचे आणि सरकवून द्यायचे.

सुवर्णानं पावसाळाभर जिवाचं रान केलं. एका वैद्याकडून तेल आणलं आणि स्वतः आप्पांचा हात चोळला. नाचणीचं सत्त्व केलं, शेवग्याचं सार केलं, लहानपणी त्यांना आवडायची तशी हुलग्याची शेंगोळी केली. जुन्या गोष्टी काढल्या, तेजस्विनीला आणून शेजारी बसवलं. आप्पा हं म्हणायचे. कधी तेही नाही. घरी परत जाताना पाटाच्या पुलावर ती स्कूटी थांबवायची, डोळे पुसायची आणि मग पुढं जायची. पण मनात एक गोष्ट ठाम होती, की आप्पा उठतील ते आपल्याच हातून उठतील.

दिवाळी झाली. थंडी पडायला लागली. एका रविवारी ती मळ्यात शिरली तर अंगणात पोतं अंथरलेलं आणि त्यावर आप्पांची जुनी राजदूत उभी. ही मोटारसायकल कैक वर्षं शेडमध्ये ठिबकच्या नळ्यांखाली आणि फुलांच्या क्रेटखाली गाडली गेली होती. चाकं बसलेली, सीटमधून काथ्या निघालेला, उंदरांनी वायरी खाल्लेल्या. तिच्यापाशी हर्षाली मांडी घालून बसली होती, हात मनगटापर्यंत काळे. आणि आप्पा बाजेवर नव्हते. ते खुर्चीत बसून पुढं वाकले होते, उजव्या हातात पाना होता.

"आप्पा, आधी टाकी काढू का कार्बोरेटर?" हर्षालीनं विचारलं.

"टाकी. पेट्रोलचा कॉक बंद केला का पहिला?"

"केला."

"मंग काढ. दमानं, पोरी. मागचं रबर तुटंल."

सुवर्णा डबा हातात घेऊन फाटकापाशीच थांबली. आप्पांच्या तोंडून इतकी वाक्यं एका दमात तिनं आषाढापासून ऐकली नव्हती. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण त्याच्या आधीच काहीतरी टोचलं. पोरी ही हाक तिची होती. आप्पा समाधानला नावानं हाक मारायचे, आईला अगं म्हणायचे, आणि पोरी म्हणायचे, नाहीतर लाडानं सोनी, ते फक्त तिला.

"ताई, आलात?" हर्षाली हसून म्हणाली. "बघा ना, आप्पा म्हणतात चालू होईल. मला या हिवाळ्यात दुपारची पाळी आहे, सकाळ मोकळी असते. म्हटलं घेऊ करायला."

"बरं केलंस," सुवर्णा म्हणाली. मग आप्पांना म्हणाली, "आप्पा, शेंगोळी आणलीय. गरम आहे तोवर खाऊन घ्या."

"ठिव घरात," आप्पा म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. "हर्षाली, तो नट डब्यात टाक, नायतर हरवंल."

त्या दिवशी आप्पांनी पोटभर शेंगोळी खाल्ली. वाढली हर्षालीनं, गाडीपाशीच, ताटली त्यांच्या मांडीवर ठेवून.

सुवर्णाच्या आणि त्या गाडीच्या नात्याबद्दल सांगायला हवं. राजदूत आली तेव्हा ती बालवाडीत होती. आप्पा तिला पुढं टाकीवर बसवायचे, मागं फुलांची पोती बांधायचे आणि पहाटेच्या गारठ्यात फुलबाजारात न्यायचे. पुढं दहावीच्या वर्षी आप्पांचा पाय मोडला. ऐन दसऱ्याचे दिवस, झेंडू तोडणीला आलेला, आणि समाधान अजून प्राथमिक शाळेत. तेव्हा सुवर्णानं गाडी काढली. आप्पांनी काठी टेकत बांधावरून ओरडून ओरडून तिला शिकवलं. ती पडली, कोपरं सोलवटली, सायलेन्सरनं पोटरी भाजली, पण दसऱ्याचा माल तिनं बाजारात पोचवला. पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला बांधून राजदूतवर जाणारी पोरगी बघायला लोक ओट्यावर यायचे. आप्पा कोणालाही सांगायचे, माझा थोरला मुलगाच हाय तो.

लग्न झालं आणि ते सुटलं. सासूबाई म्हणाल्या, आपल्यात बायका असल्या गाड्या चालवत नाहीत. भांडण नको म्हणून सुवर्णानं तो विषय सोडून दिला. स्कूटी आली ती पुष्कळ वर्षांनी. आप्पांनी पिकअप घेतली, राजदूत शेडमध्ये गेली, आणि सगळ्यांना तिचा विसर पडला. सुवर्णाला मात्र वाटायचं, ती गाडी तिथं आपल्या नावानं उभी आहे.

आता ती हप्त्यातून दोनदोनदा मळ्यात येऊ लागली. कधी शेवंती हवी म्हणून, कधी तेल द्यायचं राहिलं म्हणून. दर वेळी गाडी थोडी पुढं गेलेली असायची. चाकांचे आरे घासून चमकायला लागले. क्लचची नवी वायर आली. एक बुश, धातूची छोटीशी कडी, बाजारात मिळेना, तर हर्षालीच्या वडिलांनी सिन्नरच्या एमआयडीसीत लेथवर बनवून पाठवला. आप्पांनी तो बोटांत फिरवून बघितला आणि म्हणाले, "तुझा बाप कारागीर हाय." हर्षालीचं तोंड उजळलं. सुवर्णा ओसरीवर मेथी निवडत होती. हिला एक बाप कमी पडतो का, असं तिच्या मनात आलं, आणि देठांबरोबर तिनं चांगली पानंही फेकली.

स्वयंपाकघरात तिनं समाधानला गाठलं.

"घरात खरकटं पडलंय आणि ही सकाळपासून गाडीत. आप्पांना गारठ्यात बसवते. पुन्हा काही झालं म्हणजे?"

"ताई, आप्पा उन्हात बसतात," समाधान म्हणाला. "आणि भाकरी मागून घेतात आता. खरकटं मी काढतो की."

तरी ती बोलत राहिली. समाधान ऐकून घेत भांडी घासत राहिला, आणि त्यानं तिचा संताप आणखी वाढला.

खरा घाव बसला तो पुढच्या रविवारी. हर्षाली चेन डिझेलमध्ये धूत होती आणि आप्पा तिला वणीची गोष्ट सांगत होते. ही गोष्ट सुवर्णाला पाठ होती, कारण ती तिची होती. नवरात्रात आप्पा तिला टाकीवर बसवून, देवीच्या गडाखाली विकायला झेंडूची पोती घेऊन वणीला निघाले होते आणि दिंडोरीच्या पुढं चेन तुटली. आप्पा दुरुस्तीवाला शोधायला चालत गेले. मागं राहिलेल्या पोरीनं काय करावं, तर पोत्याचं तोंड सोडलं आणि गडावर पायी चाललेल्या भक्तांना तिथंच रस्त्यावर फुलं विकायला सुरुवात केली. आप्पा परत आले तेव्हा एक पोतं संपलं होतं.

"आन् येऊन बघतो तर काय," आप्पा सांगत होते, "समाधान रस्त्यावर उभा राहून फुलं इकतोय. एवढंसं पोरगं. म्हटलं, हे तर व्यापारी निघालं."

हर्षाली खळखळून हसली. "मला नाही सांगितलं कधी यांनी."

समाधान तेव्हा रांगत होता. आप्पा, ती मी होते, असं सुवर्णाला म्हणायचं होतं, पण ती म्हणाली नाही. तिला वाटलं, या बाईनं माझी जागा घेतली, हाक घेतली, आणि आता माझी गोष्टही तिच्या नवऱ्याच्या नावावर झाली.

नेमक्या त्याच वेळी हर्षालीनं हात पुसत विचारलं, "ताई, टाकी रंगवायला द्यायचीय. आप्पांनी नंतर काळी करून घेतली होती ना, पण पहिली कशी होती? कसला रंग होता? तुम्हालाच आठवत असेल."

सुवर्णाला न आठवायला काय झालं. लाल होती. पिकलेल्या करवंदाला उन्हात धरलं की दिसतो तसला, काळसर लाल. हिवाळ्यात त्या टाकीला तळवे चिकटवून ती ऊब घ्यायची.

"निळी," ती म्हणाली.

"निळी?"

"हो. गडद निळी. चांगली आठवतेय मला."

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सावकाश म्हणाले, "सोनी म्हणती तर निळीच आसंल."

ती घरी गेली. त्या रात्री जेवली नाही, कुंदनला डोकं दुखतंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगता आलं असतं, की चुकलं गं, लाल होती. हळदीची ऑर्डर होती, बोटं कळ्या ओवत होती, फोन शेजारीच पडला होता. दर थोड्या वेळानं ती त्याच्याकडं बघायची. मनात यायचं, कर फोन. लगेच दुसरं यायचं, राहू दे, होऊ दे एकदा वाकडं, तिचंही काहीतरी चुकू दे. फोन तिनं केला नाही. पंचवटीतल्या पेंटरकडं टाकी गेली तेही तिला कळलं, तरी नाही.

टाकी आली ती निळीशार. पोत्यावर ठेवली होती, आणि कोणाचंही लक्ष जावं इतकी सुरेख झाली होती. आप्पा उजवा हात तिच्यावरून फिरवत होते. सुवर्णाला वाटलं होतं, आपल्याला हायसं वाटेल. वाटलं ते इतकंच, की आपण आपल्याच घरात चोरी केली.

हौदापाशी हर्षाली हात धूत होती. सुवर्णा कळशी भरायला गेली तशी ती हळूच म्हणाली, "ताई, एक बोलू का? राग नका मानू."

"बोल."

"पेंटरनं टाकी खरवडली तेव्हा काळ्याखाली लाल निघाला. त्यानं मला फोन केला होता."

सुवर्णाच्या हातातली कळशी हौदाच्या कडेला टेकली.

"मग निळी कशी केलीस?"

"आप्पांना विचारलं. म्हटलं, ताई चुकल्यात बहुतेक. तर म्हणाले, ती नाही चुकायची, ती त्या टाकीवर बसून वाढलीय. म्हणाले, तिला निळी पाहिजे असेल, निळीच कर."

सुवर्णाला आधी लाज वाटली. आप्पांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी तिचं खोटं राखलं होतं. पण लाजेच्या पाठोपाठ तीच जुनी आग वर आली. म्हणजे ही दोघं बसून आपल्याबद्दल बोलली. आप्पांनी मनातलं सांगितलं तेही हिलाच.

"पावसाळाभर मी तेल चोळलं," ती म्हणाली. "किती काय काय केलं. एका शब्दानं बोलले नाहीत माझ्याशी. तू एक भंगार बाहेर काढलंस आणि पोरी काय, गोष्टी काय."

हर्षाली गोंधळून बघत राहिली. "माझ्याशी पण गाडीचंच बोलतात, ताई. बाकी काही विचारलं की गप्प. हात दुखतो का म्हटलं तर तोंड फिरवतात. म्हणून तर मी विचारत नाही."

सुवर्णानं कळशी हौदात बुडवली. तिला आठवलं, पावसाळाभर आपण दुसरं काय विचारत होतो. दुखतं का. जेवता का. औषध घेतलं का.

"आणि वणीच्या वाटेवर समाधान नव्हता," ती शेवटी म्हणाली. "मी होते."

"मग त्यांना सांगा की," हर्षाली म्हणाली. "मला काय ठाऊक. मी तर यांना रात्री चिडवलं व्यापारी म्हणून. हे माझ्या तोंडाकडंच बघत राहिले."

सुवर्णाला हसू आलं, आणि त्याचाही तिला राग आला. पण ती तशीच ओल्या हातांनी अंगणात गेली आणि आप्पांच्या खुर्चीपाशी खाली बसली.

"आप्पा, चेन तुटली तेव्हा फुलं मी विकली होती. समाधान तर रांगत होता."

आप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तू व्हतीस?"

"मी होते. तुम्ही मला परत येताना दिंडोरीत भेळ घेऊन दिली होती."

"भेळीचं ध्यानात हाय," ते म्हणाले. "त्या झटक्यानं आसं झालंय बघ, सोने. काय घडलं ते समदं दिसतं. तोंडं इकडची तिकडं व्हत्यात." मग उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवून म्हणाले, "तुला वाईट वाटलं."

"वाटलं."

"मंग तवाच बोलायचं."

रंगाबद्दल दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही.

गाडी सुरू झाली ती पौष सरता सरता. गारठा अजून होता, द्राक्षाच्या बागांवर धुकं बसलेलं. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते आप्पांनी स्वतः बघून सांगितलं. समाधाननं किका मारल्या, दम लागून थांबला. हर्षालीनं प्लग काढून पुसला आणि पुन्हा बसवला. मग समाधाननं पुन्हा किक मारली आणि गाडीनं एकदम पांढऱ्या धुराचा लोट सोडला. तो ओळखीचा फाटफाट आवाज अंगणात घुमला. शेजारच्या मळ्यातली माणसं बांधावर आली.

समाधान बसला, गिअर टाकला आणि फाटकापर्यंत जाऊन गाडी बंद पाडली. हर्षालीला फक्त स्कूटी यायची. सगळे एकमेकांकडं बघत उभे राहिले.

"सोने, घे," आप्पा म्हणाले.

आधी हर्षालीला बसू दे, एवढी मेहनत तिची, असं म्हणणं शोभून दिसलं असतं. सुवर्णाला ते सुचलंही. पण तिला ती गाडी हवी होती, दुसऱ्या कोणाच्या आधी हवी होती. तिनं पदर खोचला आणि हँडल धरलं. पाय आपोआप किकवर गेला. पाटाच्या रस्त्यानं ती पुलापर्यंत गेली आणि वळून आली. परत आली तेव्हा थंडीनं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, निदान तिनं सांगितलं तरी तसं.

"मला बसव मागं," आप्पा म्हणाले.

"नाही हं," हर्षाली लगेच म्हणाली. "डाव्या हाताला पकड नाही. पडाल."

"मी हळू नेते," सुवर्णा म्हणाली.

"हळू नेलं तरी पडतील. ताई, तुम्ही पुढं बघणार का त्यांना धरणार?"

दोघींची चांगलीच जुंपली. शेवटी आप्पाच म्हणाले, मधी मी बसतो, मागून ही धरंल. राजदूतची सीट लांब असते. सुवर्णानं गाडी धरली, समाधाननं आप्पांना उचलून मध्ये बसवलं आणि हर्षाली त्यांच्या कमरेला विळखा घालून मागं बसली. आप्पांचा उजवा हात सुवर्णाच्या खांद्यावर होता. गाडी निघाली. रस्ताभर आप्पा काहीबाही बोलत होते, अर्धं पुढं, अर्धं मागं, आणि वाऱ्यानं ते कोणालाच नीट ऐकू येत नव्हतं.

मत्सर असा एका फेरीनं जात नाही. माघात हर्षाली म्हणाली, ताई, मलाही शिकवा. सुवर्णानं शिकवायचं कबूल केलं, आणि पहिल्याच सकाळी पाटाच्या रस्त्यावर तिला असं काही रागावली की समाधान ओसरीतून उठून आत गेला. क्लच असा सोडतात का, पाय खाली का टेकतेस, समोर बघ. हर्षाली निमूट ऐकायची आणि पुन्हा किक मारायची. सुवर्णाला जे शिकायला कोपरं सोलवटून घ्यावी लागली होती, ते ही पोरगी दोनचार सकाळींत शिकली. पडली एकदाही नाही. ती पुलावरून सरळ, न डगमगता येताना दिसली तेव्हा सुवर्णाच्या छातीत पुन्हा ती बारीक कळ उठली. आता ती तिला ओळखीची झाली होती.

आप्पा बांधावर काठी टेकून उभे होते.

"बरी शिकली," ते म्हणाले.

"माझ्याइतकी नाही अजून," सुवर्णा म्हणाली.

आप्पांनी गाडी जवळ येईपर्यंत बघून घेतलं. "नाय," ते म्हणाले. "वळताना लय घाबरती."

"ते मी सांगते तिला," सुवर्णा म्हणाली आणि हात वर करून गाडी थांबवायला पुढं झाली.